येऊ दे, येऊ दे... बस!

मुंबई-ठाण्यात वाढलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ट्रक मागे येताना आवाज कसा येतो? बीप-बीप वगैरे त्याला नंतर आठवेल. आधी आठवेल ते हे : 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे... थोडी डावी मार... येऊ दे... बस बस बस!' आणि मग फाळक्यावर पडलेली हाताची सणसणीत थाप. ही थाप म्हणजे आपल्याकडची सगळ्यात जुनी पार्किंग असिस्ट सिस्टिम. हिला बॅटरी लागत नाही, वायरिंग लागत नाही, सॉफ्टवेअर अपडेट तर नाहीच नाही. लागतो फक्त एक क्लीनर. खांद्यावर मळका पंचा, हातात चाकाला लावायचा लाकडी ठोकळा, आणि आवाज असा की तीन गल्ल्यांपलीकडच्या बाळानं दचकावं.

बॉस, प्रॉब्लेम एवढाच आहे की क्लीनर मिळेनासे झालेत.

आता तुम्ही म्हणाल, कॅफे आणि वीकेंड गेटवेच्या या पानांवर ट्रकचा क्लीनर कुठून टपकला? सांगते. परवा रात्री दीड वाजता अंथरुणात पडल्या पडल्या तुम्ही जे रनिंग शूज मागवलेत ना, ते भिवंडीच्या पट्ट्यातल्या एखाद्या गोदामातून निघाले असण्याची शक्यता सॉलिड आहे. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ... नावं गावांची, पण आत नुसती पत्र्याची मोठमोठी छपरं. प्रत्येक छपराखाली एक फलाट, आणि त्या फलाटाला ट्रक लागतो तो पाठमोरा. पुढून कुणी येत नाही. म्हणजे तुमच्या घरी येणारं जवळपास प्रत्येक खोकं कधी ना कधी रिव्हर्स गिअरमधून गेलेलं असतं. त्या वेळी ड्रायव्हरला मागचं काय दिसत असतं? दोन बाजूंच्या आरशांत दिसतात त्या दोन पट्ट्या. मधलं सगळं अंधारात. कारसारखी मागची काच ट्रकला नसते. केबिनच्या मागे हौदा आणि हौद्यात माल.

माझा मामा याच धंद्यात आहे. राहतो डोंबिवलीत, दोन ट्रक आहेत, एक ड्रायव्हर चालवतो आणि दुसरा, दहाचाकी, मामा स्वतः. वय ५४. त्याचा क्लीनर गेल्या दिवाळीत 'उस्ताद, येतो' म्हणून गेला तो बाइकवरून पार्सलं पोचवायला लागला. मामाचा त्याच्यावर अजिबात राग नाही. 'त्याला रोज रात्री घरी झोपायला मिळतं. मीसुद्धा हेच केलं असतं,' म्हणतो. नंतर दोन पोरं आली, एक आठवडाभर टिकला, दुसरा नाशिकच्या पहिल्याच फेरीत उतरला.

हे एकट्या मामाचं रडगाणं नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा बातम्या सगळ्या ई-चलनाच्या झाल्या. पण मागण्यांच्या यादीत खाली एक ओळ होती : अवजड वाहनात क्लीनर ठेवायची सक्ती रद्द करा. पत्रकार म्हणून मी ती यादी वाचली तेव्हा या ओळीवर अडखळले आणि मामाला फोन लावला. त्याचं उत्तर : 'सक्ती काढा नाहीतर ठेवा. मागं कोण बघणार, तेवढं सांगा.'

मागे कोण बघणार, हा प्रश्न तसा जुना आहे. अमेरिकेतल्या ब्युइक कंपनीनं १९५६ साली 'सेंचुरियन' नावाची एक शोची गाडी बनवली होती. तिला आरसे नव्हते, मागे टीव्ही कॅमेरा होता आणि डॅशबोर्डवर पडदा. ती कधी बाजारात आली नाही. विकत मिळणाऱ्या गाडीत रिव्हर्स कॅमेरा आला तो जपानमध्ये, १९९१ च्या टोयोटा सोअररमध्ये. तोवर तो श्रीमंतांचा टाइमपास होता. गंभीर मामला झाला तो २००२ मध्ये. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका बालरोगतज्ज्ञानं आपल्या घरासमोर गाडी मागे घेतली, आणि मागे त्याचाच दोन वर्षांचा मुलगा होता. कॅमेरन गुलब्रॅन्सन. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८ मध्ये सही होऊन आला, आणि तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत कॅमेरा सक्तीचा व्हायला १ मे २०१८ उजाडला. दहा वर्षं! आणि त्यातही मेख अशी की हा नियम १० हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांपर्यंतच्या वाहनांना. मोठे ट्रक बाहेरच. युरोपनं मात्र ट्रकला सोडलं नाही. जुलै २०२२ पासून नव्या मॉडेल्सना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या वाहनांना, ट्रक-बससकट, मागचं दाखवणारी किंवा ओळखणारी यंत्रणा बंधनकारक झाली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, ते नव्या कार्सना.

म्हणजे बघा, ज्या हॅचबॅकमध्ये मान वळवली की मागचं अर्धं जग दिसतं, तिला आधी सेन्सर. आणि ज्या २४ फुटी हौद्यामागे अख्खी वरात उभी राहिली तरी दिसणार नाही, त्याच्या मागे आपण फार तर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं. तेही २०१५ मध्ये महाराष्ट्रात बंद झालं, कारण त्यामुळे लोक उगाच हॉर्न वाजवतात!

तर मामाला कॅमेरा लावायचा, हे मामीनं ठरवलं. मामानं नेहमीचा डायलॉग मारला, '३२ वर्षं आरशावर गाडी मागं घेतोय मी.' मामी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, 'अण्णांना विचारा.'

विषय तिथेच संपला. अण्णा म्हणजे मामाचा खूप जुना क्लीनर. मामापेक्षा वयानं मोठा, म्हणून अण्णा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गोदामात, भर पावसात, अण्णा मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होता. पत्र्यावर पावसाचा आवाज, शेजारी दुसऱ्या गाडीचं इंजिन. 'येऊ दे' मामाला ऐकू आलं, 'बस' ऐकू आलं नाही. फलाट आणि ट्रक यांच्यामध्ये अण्णाचा पाय होता. पाय वाचला, चाल गेली. अण्णाची आता गावाकडे चहाची टपरी आहे, मामा दर दिवाळीला त्याच्याकडे जाऊन येतो आणि या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलत नाही. मलाही हे मामीकडूनच कळलं. क्लीनरच्या सक्तीबद्दल जो काही वाद व्हायचा तो होवो, पण यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. मागे उभं राहून ट्रक वाचवणारा माणूस हाच ट्रकच्या मागे उभा असलेला माणूस असतो.

एप्रिलमधला एक रविवार. कल्याण-शीळ रोडवर कटई नाक्याच्या अलीकडे एक वायरिंगवाला बसतो. पत्र्याची शेड, बाहेर बॅटऱ्यांची रांग, आत भिंतीला टांगलेले वायरींचे भेंडोळे. आम्ही त्यांना भाऊ म्हणू. बीएमएमला आम्हाला कॅमेऱ्याबद्दल तीन वर्षं शिकवलं : फ्रेम, अँगल, लाइट. भाऊंनी पहिल्या पाच मिनिटांत जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पहिला फंडा : ट्रक म्हणजे मोठी कार नव्हे. तुमच्या कारमध्ये १२ व्होल्टची एक बॅटरी असते. मामाच्या दहाचाकीत १२-१२ च्या दोन, एकीला एक जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्ट. इंजिन चालू असलं की २८ च्या आसपास. ऑनलाइन जे चकचकीत स्वस्त कॅमेरे मिळतात त्यातले पुष्कळसे कारसाठीचे, १२ व्होल्टचे. ते थेट ट्रकला जोडले तर पहिल्याच दिवशी राम म्हणतात. एक तर मध्ये २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, नाहीतर पाठीवर '१२-२४' असं छापलेला ट्रकचा सेट घ्या.

मामानं लगेच शॉर्टकट काढला. 'दोन बॅटऱ्या आहेत ना? मग एकीवरूनच घे की १२!'

भाऊंनी हातातला टेस्टर खाली ठेवला. 'शेठ, एका जुवाला दोन बैल. काम एकाकडनं जास्त करून घ्यायचं आणि वैरण दोघांना सारखी. किती दिवस चालेल?' अर्थ असा की अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकदमच चार्ज करतो. एकीतून वेगळा करंट ओढला की ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळतो. शेवटी जोडीच बाद. आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्यांची किंमत कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. मामा गप्प. ट्रकचा सेट घ्यायचं ठरलं : सात इंची स्क्रीन, पाणी न शिरणारा कॅमेरा, १५ मीटर केबल. केबलच्या टोकांना आटे असलेले चार पिनांचे कपलर, म्हणजे खड्ड्यांनी हादरून निघायला नकोत.

आता मुख्य गोष्ट. स्विच.

साध्या पद्धतीत काय करतात? स्क्रीनमधून एक बारीक वायर बाहेर येते. तिला सगळे ट्रिगर म्हणतात. ती मागच्या रिव्हर्स लाइटला जोडायची. रिव्हर्स गिअर टाकला की गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच दाबला जातो, मागचा पांढरा दिवा लागतो, त्याच करंटनं स्क्रीन जागी होते. कारमध्ये खेळ खल्लास, बिल द्या आणि निघा.

मामाचा प्रश्न होता, 'आणि मला गिअर न टाकता बघायचं असेल तर?'

मला आधी वाटलं, हा उगाच फाटे फोडतोय. पण त्यानं बोटं मोजून सांगितलं. अरुंद गल्लीत दहाचाकी एका दमात मागे जात नाही. मागे, पुढे, परत मागे, असं चार-पाचदा करावं लागतं. पहिला गिअर टाकला की स्क्रीन बंद, रिव्हर्स टाकला की परत चालू व्हायला दोन-तीन सेकंद. आणि त्या दोन-तीन सेकंदांत गाडी हललेली असते. दुसरं, जुन्या ट्रकचा रिव्हर्स लाइट हे अत्यंत बेभरवशाचं प्रकरण. चिखल-पाणी बसून होल्डर गंजतो, बल्बचा फ्यूज उडतो, गिअरबॉक्सवरचा स्विच दगा देतो. लाइटच्या फ्यूजबरोबर कॅमेऱ्याचाही जीव जातो, आणि तेही नेमका हवा असताना. तिसरं, चढावर थांबलो की मागे कोण चिकटलंय ते कळलं पाहिजे. आणि चौथं, शिळफाट्याला गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात तेव्हा मागे ताडपत्रीचा दोर कुणी सोडतंय का, हेही बघायचं असतं. हे शेवटचं त्यानं जरा जास्तच चवीनं सांगितलं.

थोडक्यात, गाडीनं ठरवायचं नाही, मामानं ठरवायचं. रिव्हर्स टाकायच्या आधी बघायचं. मला हे जाम पटलं. आपल्या सगळ्या गॅजेट्सचा ओढा 'तुम्ही काही करू नका, आम्ही करतो' असा असतो आणि इथे एक माणूस भांडून स्वतःसाठी एक बटण मागत होता.

शेडमधल्या शिकाऊ पोराला ते फारच सोपं वाटलं. 'त्याच वायरला इग्निशनचा करंट द्या ना, मध्ये एक स्विच टाकून. झालं!' भाऊ हसले. 'करंटला काय माहिती, आपल्याला फक्त स्क्रीनकडंच जायचंय?' ती वायर दुसऱ्या टोकाला रिव्हर्स लाइटलाही जोडलेलीच आहे की! मामा हायवेला पुढे जात असताना मागे बघायला स्विच दाबणार, आणि ट्रकच्या मागचे पांढरे दिवे लागून रिव्हर्सचा हॉर्न बोंबलायला लागणार. मागच्या बाइकवाल्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा. शिवाय बारीक वायरीवर दोन मोठ्या बल्बांचा भार, म्हणजे फ्यूजही जाणार. हा घोळ होतो बरं का, आणि बऱ्याच गाड्यांत होतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे दोन्ही वायरींत एकेक डायोड. डायोड म्हणजे करंटचा वन-वे. पुढे जाईल, उलटा येणार नाही. दुसरा म्हणजे दोन बाजूंचा खटका, आणि भाऊंना तोच आवडतो, कारण तो बिघडला तर रस्त्यात कुणालाही कळतो. या खटक्याला मागे तीन पाय असतात. मधल्या पायाला स्क्रीनची ट्रिगर वायर. एका बाजूला रिव्हर्स लाइटकडून आलेली वायर, दुसऱ्या बाजूला इग्निशनची, मध्ये छोटा फ्यूज टाकून. खटका खाली केला की मधला पाय रिव्हर्सशी बोलतो, वर केला की इग्निशनशी. एका वेळी एकच. सासरची आणि माहेरची गाठच पडत नाही, त्यामुळे भांडणही नाही.

इग्निशनची वायर शोधायलाही भाऊंनी दहा मिनिटं घालवली. टेस्ट लॅम्प धरून फ्यूजबॉक्समधली अशी जागा शोधली जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. थेट बॅटरीवरून घेतलं असतं तर मामा घरी झोपलाय आणि स्क्रीन रात्रभर रिकाम्या रस्त्याचा सिनेमा बघतेय. सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत दम नाही.

पण खरी जुंपली ती पुढे. दुकानात दोन प्रकारचे खटके होते. एक दोन जागांचा, एक तीन जागांचा. तीनवाल्यात मधोमध 'बंद' असतं. मामाला तोच हवा होता. रात्री स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येतो, बंद करता आलाच पाहिजे. भाऊ ठाम : नाही लावणार. 'बंद कराल आणि विसराल. मग एक दिवस रिव्हर्स टाकाल, स्क्रीन काळी, आणि तुम्हाला वाटेल मागं अंधार आहे.'

मला आजवर भेटलेल्या डिझाइनच्या थोर थोर मंडळींपैकी कुणीही इतक्या कमी शब्दांत इतकं महत्त्वाचं काही सांगितलेलं नाही. दोन जागांचा खटका लागला. खाली म्हणजे रिव्हर्स टाकल्यावर आपोआप, वर म्हणजे सतत चालू. 'बंद' ही जागाच नाही. उजेडाचं म्हणाल तर स्क्रीनच्या मेन्यूत जाऊन भाऊंनी तो निम्म्यावर आणला. खटका बसवला तो स्टेअरिंगच्या डावीकडे, गिअरवरून हात उचलला की बोट पोचेल असा, आणि वरच्या बाजूला लाल टेपची एक चिकटी. खटक्याची किंमत ६० रुपये. सगळ्या कामाचे मिळून सहा हजारांच्या आत.

केबल टाकायला मात्र अख्खी दुपार गेली. चॅसिसच्या आतल्या अंगानं, मूळ वायरिंगच्या सोबतीनं, काळ्या फ्लेक्झिबल पाइपात घालून. सायलेन्सरपासून लांब, प्रोपेलर शाफ्टपासून लांब, ब्रेकच्या हवेच्या नळ्यांना बांधायचं नाही. केबिनखाली भाऊंनी हातभर केबल मुद्दाम सैल सोडली. का? इंजिनचं काम निघालं की ट्रकची अख्खी केबिन पुढे कलते. केबल ताणून बसवलेली असली तर पहिल्याच सर्व्हिसिंगला तुटते. हे मला माहीतच नव्हतं, म्हणून मी परत विचारलं, तर त्यांनी केबिन कलवून दाखवली. ते दृश्य भारीच असतं, ट्रकनं नमस्कार केल्यासारखं.

कॅमेरा कुठे बसवायचा यावर वेगळी चर्चा झाली. बंद कंटेनर असता तर वर, मधोमध. पण मामाची गाडी उघड्या हौद्याची. फाळक्याच्या जरा खाली लावावा तर फलाटाला लागण्याआधी फाळका खाली सोडतात, आणि तो लोंबकळून कॅमेऱ्याच्या तोंडावरच पडदा. शेवटी मागच्या आडव्या लोखंडी बारवर, लोंबकळत्या फाळक्याच्याही खाली, वर वेल्डिंग करून लोखंडी पट्टीची टोपी. जागा आदर्श नाही. चिखल उडतो, आणि फार जवळचं आणि चाकांच्या बाजूचं काही दिसत नाही. भाऊंनी हे लपवलं नाही. 'निघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायचीच. कॅमेरा आला म्हणून पाय गेले नाहीत.'

पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा डावं उजवीकडे होतं. पाठमोऱ्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवावं लागतं, तरच आरशात डावीकडे दिसणारी बाइक स्क्रीनवरही डावीकडे येते. मेन्यूत तशी सोय होती, एका मिनिटाचं काम. स्क्रीनवर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा आयत्याच येतात, पण त्या कुणा भलत्याच गाडीच्या मापाच्या. मग शिकाऊ पोरगा विटा घेऊन मागे पळाला. एक मीटरवर वीट, दोनवर, तीनवर. वीट जिथे दिसेल तिथे मामानं मार्कर पेननं स्क्रीनच्या कडेला खुणा केल्या. सात इंची हाय-फाय स्क्रीन आणि तिच्यावर शाळेतल्या पट्टीसारख्या रेघा! झक्कास दिसत होतं.

त्या आठवड्यात मी मामाबरोबर एका फेरीला गेले. ठाण्यात अवजड गाड्यांना दिवसा मोजकेच तास मोकळे असतात, त्यामुळे माल उतरवायचा तो बहुतेक वेळा रात्रीच. काल्हेरच्या एका गोदामाच्या गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या. गल्लीच्या तोंडाशीच मामानं खटका वर केला. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागले आणि स्क्रीनवर काळंपांढरं चित्र आलं. एक झोपलेलं कुत्रं, प्लास्टिकची पिशवी, आणि बरोबर मधोमध, फलाटाला टेकून, उकिडवा बसलेला एक हमाल. बिडी पेटवत होता. गिअर अजून न्यूट्रलमध्ये होता.

आरशात तो माणूस दिसत नव्हता. मी मुद्दाम वाकून बघितलं.

मामानं हॉर्न दिला नाही. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, 'काका, जरा बाजूला व्हा.' काका उठले, बिडी ओढत बाजूला झाले, त्यांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. मामा खाली उतरला, गाडीभोवती फेरी मारली, फाळका सोडला, परत चढला आणि मागे घ्यायला सुरुवात केली. पुढे-मागे चार वेळा. स्क्रीन एकदाही झोपली नाही. एक मीटरची खूण आली, अर्ध्याची आली, तो थांबला. गाडी फलाटाला टेकायला वीतभर राहिली होती.

आणि मग तो तसाच बसून राहिला. पाय ब्रेकवर, इंजिन चालू. मी विचारलं, 'काय झालं मामा?'

'काही नाही,' म्हणाला. 'थाप पडायची वाट बघत होतो.'

आता पाऊस सुरू झालाय. घोडबंदरची एक फेरी झाली की काचेवर चिखलाचा थर बसतो आणि स्क्रीनवर नुसतं दूध दिसतं. मामानं मागच्या बारला केबल टायनं एक जुना टूथब्रश अडकवून ठेवलाय, पण दर दोन तासांनी भर पावसात उतरून काच घासायचा त्याला वैताग आलाय. त्यामुळे क्लीनरचा शोध परत जोरात सुरू आहे. कामं नेहमीचीच : ताडपत्री, दोर, ठोकळा, हवा चेक करणं. त्यात आता कॅमेऱ्याची काच पुसणं. गाडी मागे जाताना मागे उभं राहायचं नाही, केबिनमध्ये बसून मामाबरोबर स्क्रीन बघायची. पगार आधीच्या पोरापेक्षा चार हजार जास्त. कुणी असेल तर कळवा, डोंबिवली-कल्याणकडचा असला तर उत्तम.